शून्य कोणाच्या दारात?

(भिवंडी येथील वासंतिक व्याख्यानमालेत एका निवृत्त भूकरमापकाने दिलेलं व्याख्यान. ध्वनिमुद्रणावरून शब्दांकन.)



पत्रिकेत माझ्या व्याख्यानाचं नाव 'जव्हार ते झाप : अंतर आणि उड्डाणाचा वेळ' असं छापलंय. शेजारी विमानाचं चित्रही आहे. ते बघून कोणी तिकिटाची चौकशी करायला आलं असेल तर आधीच सांगतो, जव्हारला विमानतळ नाही. (हशा) उडालं होतं ते ड्रोन. त्यात माणूस नव्हता. लसीचे तीनशे डोस होते.

गोष्ट डिसेंबर २०२१ची. कोरोनाचं लसीकरण १६ जानेवारी २०२१ला देशभर सुरू झालं, म्हणजे मोहिमेला अकरा महिने झाले होते. पालघर जिल्हा प्रशासनाने जव्हारहून झापच्या आरोग्य केंद्रात ड्रोनने लस पाठवली. अंतर वीस किलोमीटरच्या थोडं वर. वेळ नऊ मिनिटांच्या थोडा वर. रस्त्याने गेलं असतं तर चाळीसेक मिनिटं लागली असती असं सांगण्यात आलं. हिशेब करा, ताशी सव्वाशेच्या वर वेग पडतो. आपल्या भिवंडी-वाडा रस्त्यावर हा वेग कोणी ऐकला तरी मणक्यात कळ येईल. (हशा)

तर उड्डाणाचा वेळ सांगून झाला. नऊ मिनिटं. व्याख्यान इथेच संपवायला हरकत नव्हती, पण संयोजकांनी तासभर दिलाय आणि मी निवृत्त माणूस आहे.

जव्हारबद्दल फार सांगत बसत नाही. मुकण्यांचं कोळी संस्थान, सुरतेच्या वाटेवर शिवाजी महाराज थांबले ते शिरपामाळ, जयविलास पॅलेस, वारली चित्रं, हे सगळं आपल्याला पाठ आहे. वावर-वांगणीचे कुपोषणाचे बळीही आपल्याला माहीत आहेत, १९९२चे. ते मात्र आपण पाठ करत नाही. एक गोष्ट तेवढी सांगतो, कारण ती आजच्या विषयाला धरून आहे. जव्हारचे शेवटचे राजे यशवंतराव मुकणे दुसऱ्या महायुद्धात हवाई दलात होते. आणि हेच यशवंतराव १९६२ साली लोकसभेवर निवडून गेले, ते कुठून? आपल्या भिवंडीतून. तेव्हा हवाई दलातला खासदार आपल्याला साठ वर्षांपूर्वीच मिळाला होता. रस्त्यावरून जाणाऱ्याची वाट आपण अजून बघतोय. (हशा, टाळ्या) टाळ्या नकोत, उपयोग होत नाही.

आता मुद्द्यावर येतो. माझं म्हणणं एकच आहे आणि मला ओळखणारे त्याला कंटाळलेले आहेत. पुढच्या रांगेत काही जण हसतायत, ते त्यातलेच. म्हणणं असं की अंतर किती, हा प्रश्न दुसरा. पहिला प्रश्न, शून्य कुठे धरलं? मोजणीत आम्ही पट्टी उलगडण्याआधी हे ठरवतो. शून्य ज्याच्या हातात, अंतर त्याच्या मर्जीचं.

मुंबईचंच घ्या. जुन्या मुंबईतले मैलांचे दगड कुठून मोजलेले होते? फोर्टातल्या सेंट थॉमस चर्चपासून. १७१८ साली उघडलेलं ते देऊळ, म्हणजे त्यांचं देऊळ. त्यातले काही दगड अजून मुंबईच्या फुटपाथांत अर्धे गाडलेले सापडतात. माणूस राहतो परळला, पण त्याच्या दारातल्या दगडावर लिहिलेलं असायचं की साहेब जिथे प्रार्थना करतो तिथून तू किती लांब आहेस. नागपूरला झिरो माईल आहे. वालुकाश्माचा खांब, बाजूला चार घोडे, आणि कोणतं गाव किती मैल ते कोरलेलं. आपण तिथे फोटो काढून येतो. घोडे सुंदर आहेत, प्रश्नच नाही. पण त्या खांबापाशी कोणाचंही घर नाही हो. १८८१मध्ये फ्रान्सिस गाल्टन नावाच्या इंग्रज गृहस्थाने जगाचा एक नकाशा केला. कुठे पोचायला किती दिवस लागतात ते रंगांनी दाखवलेलं. कल्पना झकास; किलोमीटर सोडून वेळ मोजायची ही हुशारी दीडशे वर्षांपूर्वीची. पण शून्य कुठे? लंडनला. म्हणजे आफ्रिकेतला माणूस त्या नकाशात स्वतःच्याच घरापासून कित्येक आठवडे लांब राहत होता! (हशा)

तर जव्हार-झापच्या उड्डाणात शून्य कुठे होतं? जव्हारला, औषध ठेवलेलं होतं तिथे. शेवटचा बिंदू कुठे? झापच्या आरोग्य केंद्राजवळ. दोन्ही टोकं सरकारची. मधली नऊ मिनिटं खरी आहेत, मी कोणाला खोटं पाडत नाही. पण आजारी माणूस या दोन्ही टोकांना राहत नाही. तो पाड्यावर राहतो.

कोणी म्हणेल, जगात असंच मोजतात. मग एक जगातलंच उदाहरण. स्कॉटलंडच्या उत्तरेला ऑर्कनी नावाची बेटं आहेत. त्यातल्या वेस्ट्रे आणि पापा वेस्ट्रे या दोन बेटांमध्ये १९६७पासून विमान चालतं. अंतर २.७ किलोमीटर. वेळापत्रकात दोन मिनिटं लिहिलेली आहेत, आणि वारा पाठीशी असताना एका वैमानिकाने ५३ सेकंदांत पोचवून दाखवलंय. जगातलं सर्वांत लहान नियमित उड्डाण. आठ प्रवाशांचं विमान, समोरच्या बाईच्या खांद्यावरून वैमानिकाचे काटे दिसतात असं. आता पापा वेस्ट्रेवर माणसं किती? शंभरेक. शंभर माणसांसाठी विमान का उडतं? तिथली बेट परिषद पैसे मोजते म्हणून. तो धंदा नाही, सेवा आहे. तसा करार आहे. त्यातून डॉक्टर जातो, मास्तर जातो, आणि दवाखान्यात निघालेली म्हातारीसुद्धा जाते. बेट एवढंसं, त्यामुळे धावपट्टी सगळ्यांच्याच परसात. दोन मिनिटांचं शून्य म्हातारीच्या दाराला चिकटून आहे. आणि आपल्या नऊ मिनिटांत म्हातारीला जागाच नाही. लस आत जाते, माणूस बाहेर येत नाही. एकेरी वाहतूक. धामणकर नाक्यावर केली होती तशी. (हशा)

मणिपूरलाही हेच. ऑक्टोबर २०२१, आपल्या दोन महिने आधी. विष्णुपूरच्या रुग्णालयातून लोकटक सरोवरातल्या कारांग बेटावर ड्रोनने लस गेली. रस्त्याने २६ किलोमीटर, हवेतून १५, वेळ बारा ते पंधरा मिनिटं. तिथे मध्ये पाणी आहे, त्यामुळे हवेतलं अंतर खरोखरच कमी होतं. आपल्याकडे पाणी नाही, डोंगर आहे. आणि डोंगर मोजण्याची एक गंमत आहे, ती आमच्या खात्याबाहेर फारशी कोणाला माहीत नसते.

आम्ही उमेदवारीत होतो तेव्हा अजून साखळी बघायला मिळायची. तेहतीस फुटांची साखळी, तिचे सोळा आणे. एक साखळी लांब, एक साखळी रुंद, झाला एक गुंठा. सपाट शेतात ती जमिनीवर टाकली की काम झालं. पण डोंगर आला की साखळी जमिनीवर टाकायची नाही. आडवी धरायची. एक जण वर उभा राहतो, त्याच्याकडचं टोक त्याच्या पायाशी. दुसरा खाली, तो आपलं टोक छातीपर्यंत, डोक्यापर्यंत उचलतो, ताणतो आणि त्या टोकापासून ओळंबा सोडतो. ओळंबा जिथे टेकेल तिथे खूण. मग तिथून पुढचा टप्पा. पायऱ्या-पायऱ्यांनी असं खाली उतरायचं. वारा असला की ओळंबा थरथरतो, खालच्या माणसाचे हात भरून येतात, वरचा ओरडतो 'ताण, ताण'. हे का करायचं? कारण नकाशाला उतार नको असतो. सात-बाऱ्यावरची जमीन सपाट असते, मग ती प्रत्यक्षात कड्यावर का असेना. आता उपग्रह आले, यंत्रं आली, तरी कायदा तोच. कागदावरचं अंतर म्हणजे डोंगर चेपून सपाट केलेलं अंतर.

याचा हिशेब सांगतो. तीस अंशांचा चढ घ्या. नकाशावर शंभर मीटर. पायाखाली ते होतात एकशे पंधरा. एवढंच ना, असं वाटेल. थांबा. १८९२मध्ये विल्यम नेस्मिथ नावाच्या स्कॉटिश गिर्यारोहकाने एक नियम घालून दिला, डोंगरात फिरणारे अजून वापरतात. तीन मैलांना एक तास, आणि वर प्रत्येक दोन हजार फूट चढाईला आणखी एक तास. त्याने आपला चढ मोजला तर सपाटीवर जे शंभर मीटर सव्वा मिनिटात जातात, त्यांना इथे सात मिनिटं लागतात. सव्वाची सात! आणि हा नियम धडधाकट माणसाचा, हात मोकळे असताना, कोरड्या वाटेवर. आपल्या यंत्रमागवाल्यांना पटकन कळेल: मागावरून उतरताना कापड जेवढं भरतं, पाण्यातून काढल्यावर तेवढं भरत नाही. इथे फक्त उलटं आहे, पावसात भिजलं की अंतर वाढतं.

पावसावरून आठवलं. हे माझ्या टिपणात नाही, पण सांगतो, दोन मिनिटांत. (मागून : 'सांगा, सांगा.') जव्हारच्या पलीकडच्या एका पाड्याची गोष्ट आहे, नाव घेत नाही, कारण ते गाव एकटं नाही. तिथे रस्ता व्हायचा होता, त्याची संयुक्त मोजणी होती. मोजणी मे महिन्यात केली. डांबरीपासून पाड्यापर्यंतची वाट आम्ही खुंट्या मारत गेलो. आषाढात मला पुन्हा तिथे जावं लागलं, काही जबाब आणि सह्या राहिल्या होत्या. डांबरी संपते तिथे एक चहाची टपरी. बाकड्यावर पाच-सहा माणसं बसलेली, चिखलाने मांड्यांपर्यंत भरलेली. बाजूला एक लांब बांबू भिंतीला टेकवलेला आणि त्याला गोधडीची गाठ तशीच. झोळी. बाळंतिणीला उतरवून जीपमध्ये घातली होती, जीप गेली होती जव्हारला, आणि ही मंडळी परतीच्या आधी चहा पीत होती.

त्यातला एक वयस्क होता. मी आपला खात्याच्या सवयीने विचारलं, 'किती वेळ लागला?' तो म्हणाला, घड्याळ कुणाकडे होतं. मग विचार करून म्हणाला, 'नऊ खांदे झाले.' मला कळेना. मग त्याने समजावलं. झोळीला एका वेळी दोन जण लागतात, पुढे एक, मागे एक. दमले की पुढचे दोघे खाली शिरतात, बांबू जमिनीला न टेकवता. त्यांचा तो एक खांदा. बदलायची जागा ठरलेली नसते. जिथे श्वास संपतो तिथे बदलायचं. मी म्हटलं, मे महिन्यात मोजलं तेव्हा तर वाट एवढी लांब वाटली नाही. तो म्हणाला, मेमध्ये चार खांद्यांत येतो आम्ही. ओहोळाला पाणी आलं की वरून वळसा घ्यावा लागतो, शेवाळावर पाय टिकत नाही, आणि बाई कळा देत असेल तर धावताही येत नाही.

चार आणि नऊ! आणि माझ्या वहीत त्या वाटेचं अंतर एकच होतं, बाराही महिने, दशांश चिन्हासकट. मी त्याला वही दाखवली. त्याने नीट पाहिली, त्याला आकडे वाचता येत होते. मग त्याने विचारलं, 'हे कुठून धरलं?' मी म्हटलं, इथून, डांबरीपासून. तो म्हणाला, 'मग बरोबर आहे. तुमच्यासाठी एवढंच असणार.' त्यात टोमणा नव्हता बरं का. साधं निरीक्षण होतं. त्याच्या उजव्या खांद्यावर, मानेच्या बाजूला, बैलाच्या वशिंडाखाली असतो तसा घट्टा होता. मी मोजणीदार, मला त्या घट्ट्याची नोंद कुठल्या रकान्यात करायची ते अजून सुचलेलं नाही.

(या ठिकाणी काही वेळ वीज गेली. ध्वनिक्षेपकाविना व्याख्यान चालू राहिलं.)

ऐकू येतंय ना मागे? भिवंडीत लाईट गेल्यावर बोलायची सवय असलीच पाहिजे. माग बंद झाले की उलट शांत होतं, बरं ऐकू येतं.

तर ही माझ्या नोकरीतली जुनी गोष्ट झाली म्हणून सोडून द्याल, म्हणून पुढची तारीख सांगतो. ऑगस्ट २०२२. मोखाडा तालुक्यातली मर्कटवाडी. स्वातंत्र्याचा अमृतमहोत्सव चालू होता, दारोदार तिरंगे लागत होते. एक बाई सातव्या महिन्यात घरीच बाळंत झाली, जुळी मुलं दगावली, आणि रक्तस्राव होणाऱ्या आईला लोकांनी झोळीत घालून मुख्य रस्त्यापर्यंत आणलं. साधारण तीन किलोमीटर. वर्तमानपत्रांत आलं, तुम्ही वाचलं असेल. जव्हारशेजारचाच तालुका. झापच्या उड्डाणाला तेव्हा आठ महिने झाले होते. वीस किलोमीटरला नऊ मिनिटं, हा आकडा आपल्या तोंडपाठ होता. त्या तीन किलोमीटरचा आकडा कोणी काढला नाही.

अं? हो, बोला डॉक्टर. (सभागृहातून एका श्रोत्याचा आक्षेप : वक्ते तंत्रज्ञानाविरुद्ध बोलत आहेत, सर्पदंशासारख्या प्रसंगी ड्रोनने जीव वाचू शकतो.)

बरं झालं विचारलंत. हा आरोप माझ्यावर नेहमी होतो. मी ड्रोनविरोधी नाही! ड्रोन आमच्या खात्यात तुमच्या आरोग्य खात्याच्या आधी आलं, डॉक्टर. पुरंदर तालुक्यातल्या सोनोरीला गावठाणाची मोजणी ड्रोनने झाली, तेव्हा कोरोनाचं नावही नव्हतं. पुढे देशभरची स्वामित्व योजना आली २०२०मध्ये, तिच्या आधीची ही गोष्ट. आम्ही ज्या कामाला महिने घालायचो ते ड्रोनने दिवसांत केलं, आणि मला त्याचं दुःख झालेलं नाही. ओळंबा धरून माझे खांदे गेलेत, मला कशाला दुःख होईल? सर्पदंशाचं तुमचं म्हणणं शंभर टक्के योग्य आहे, त्याचं उत्तर देतो, शेवटी देतो, विसरू देऊ नका. पण 'तंत्रज्ञानाविरुद्ध' हा शब्द मागे घ्या. (हशा) नाही, हसू नका, मी खरंच सांगतोय. मी इतकंच म्हणतो की यंत्राचा वेळ मोजताना माणसाचा वेळ त्यात मिसळू नका.

आणि मी काही नवीन मागत नाहीये. हे शहाणपण याच गावात, या सभागृहापासून अर्ध्या तासावर, रोज वापरलं जातं. बघा, मीही 'अर्ध्या तासावर' म्हणालो. मानकोलीला संध्याकाळी सहाला निघालात तर दीड तास. कल्याण ते भिवंडी किलोमीटर किती? दहा-बारा. आज इथे यायला मला किती वेळ लागला ते संयोजकांना विचारा, ते दारात घाम पुसत उभे होते. पूर्णा, काल्हेर, दापोडे, राहनाळ, वळ. देशातल्या मोठ्या गोदामपट्ट्यांपैकी एक आपल्या दारात आहे. तिथे पार्सल निघतं तेव्हा गिऱ्हाइकाला किलोमीटर सांगतात का? 'उद्या दुपारी दोनपर्यंत.' आणि शून्य कुठे धरतात? गिऱ्हाइकाच्या उंबरठ्यावर! दारात पोचल्याचा फोटो काढल्याशिवाय डिलिव्हरी झाली असं मानत नाहीत. गोदामाच्या फाटकाबाहेर खोकं ठेवून 'पोचलं' म्हणणाऱ्या मुलाची नोकरी जाईल. ट्रान्सपोर्टवाल्याला दिल्ली किती लांब विचारा, तो दिवसांत सांगेल. म्हणजे मोबाइलचं कव्हर कसं मोजायचं हे आपल्याला अचूक कळतं. बाळंतीण कशी मोजायची एवढंच राहिलंय.

सरकार कसं मोजतं तेही सांगतो, कागद वाचायची खोड आहे म्हणून. प्रधानमंत्री ग्रामसडक योजना, सन २००० पासूनची. कोणती वस्ती जोडायची? सपाटीवर पाचशे लोकवस्ती, आदिवासी आणि डोंगरी भागात अडीचशे. पाड्यावर ऐंशी माणसं असतील तर तो पाडा या रकान्यात बसतच नाही. आणि जोडलेली नाही म्हणजे काय? बारमाही रस्त्यापासून पाचशे मीटर किंवा जास्त लांब. डोंगरात दीड किलोमीटर, आणि तेही पायवाटेने मोजून. पायवाटेने! हा शब्द ज्याने त्या नियमात घातला त्याला मी भेटलो असतो तर मिठी मारली असती. त्याला डोंगर माहीत होता. पण मग पुढे काय झालं बघा. पायवाटेने एक किलोमीटर चारशे मीटर असाल तर तुम्ही जोडलेले. कागदावर जोडलेले. आता ती चौदाशे मीटरची वाट तीस अंशांची आहे की सपाट, मध्ये ओहोळ किती, आषाढात किती खांदे...

चिठ्ठी आली. 'दहा मिनिटे.' अध्यक्षबाई, वीज गेली तो वेळ धरलात का यात? (हशा) नाही धरला. बघा, शून्य कुठे धरायचं ते यांनी ठरवलं.

मग पुढचं पळवतो. रवांडाचं सोडून देतो. २०१६पासून तिथे ड्रोनने रक्त पोचवतात, पिशवी छोट्या पॅराशूटने दवाखान्याच्या अंगणात उतरते. ते व्हिडिओ तुमच्या फोनवर आलेच असतील. भामरागडही सोडतो. पर्लकोटेला पूर आला की तिथून गरोदर बायकांना हेलिकॉप्टरने काढावं लागलेलं आहे, तुम्हाला माहीत आहे. मैलाच्या दगडांच्या रंगांवर माझा एक लाडका भाग होता: पिवळा राष्ट्रीय, हिरवा राज्य, काळा जिल्ह्याचा, भगवा ग्रामसडकेचा. तोही गेला. ज्यांना हवा त्यांनी चहाला भेटा.

दोन गोष्टी मात्र सोडणार नाही. नंदुरबारला, नर्मदेच्या काठावर, सरदार सरोवराच्या पाण्याने ज्या वस्त्यांच्या वाटा बुडाल्या तिथे तरंगता दवाखाना आहे. बोटीवर डॉक्टर, बोटीवर औषधं. धडगाव-मोलगीकडून डोंगर उतरून जायचं म्हटलं तर दिवस जातो, म्हणून दवाखानाच पाण्यावरून काठाला लागतो. बोट ड्रोनपेक्षा कितीतरी हळू. पण ती माणसाजवळ जाते, आणि गरज पडली तर माणसाला घेऊन परत येते. दुहेरी वाहतूक.

दुसरी गोष्ट माहेरघर. आपल्या राज्याच्या आदिवासी तालुक्यांत ही योजना आहे. तारखेच्या काही दिवस आधीच गरोदर बाईने प्राथमिक आरोग्य केंद्राच्या आवारातल्या खोलीत येऊन राहायचं. बरोबर लहान मूल असेल तर ते, सोबतीला सासू किंवा आई. जेवणाची सोय, बुडालेल्या मजुरीपोटी काही पैसे. यात रस्ता बांधलेला नाही, काही उडालेलं नाही. झालं एवढंच की बाई चालू शकते तेव्हा तिला चालू दिलं, कळा सुरू होण्याआधी. चार खांदे नाहीत, नऊ खांदे नाहीत, तिचे तिचे दोन पाय. मोजणीच्या भाषेत सांगायचं तर शून्य उचलून दवाखान्याच्या दारात आणून ठेवलं. अडचणी आहेत. घरी गुरं कोण बघणार, पहिली दोन पोरं कोण सांभाळणार, खोलीला कडी आहे का, रात्री दिवा आहे का. बायका का राहत नाहीत ते बायकांना विचारल्याशिवाय कळणार नाही. पण ज्याने ही योजना आखली त्याने नकाशा उलटा धरून पाहिला, आणि मला नकाशा उलटा धरणारी माणसं आवडतात.

आता डॉक्टरांचं उत्तर. पाच मिनिटं? तीन? बरं.

साप चावला. पाड्यावर. प्रतिविष जव्हारला कुटीर रुग्णालयात आहे, झापला संपलंय असं धरू. ड्रोन उडालं, नऊ मिनिटांत झापला आलं. उत्तम. हवंच. मी तर म्हणेन, फक्त लसीच्या प्रात्यक्षिकाला नको, रोज हवं. ऑर्कनीसारखं, करार करून, तोटा होणार हे आधीच मान्य करून. पण डॉक्टर, तुमच्याच धंद्याचे चार प्रश्न विचारतो. साप चावल्याचं झापला कळवलं कोणी? पाड्यावर मोबाइलला रेंज कुठल्या झाडाखाली येते? माणूस पाड्यावरून झापला येतोय तो कशावर येतोय? आणि प्रतिविष दिल्यावर रिअ‍ॅक्शन आली तर ती सांभाळायला केंद्रात त्या घटकेला कोण आहे? या चारही प्रश्नांची उत्तरं मिनिटांत द्या, बेरीज करा, आणि मग त्यात तुमची नऊ मिनिटं मिळवा. बेरीज दीड तासाच्या आत आली तर मी पुढच्या वर्षी याच व्यासपीठावर येऊन ड्रोनचा सत्कार करीन. हारतुरे माझ्याकडून. (हशा, टाळ्या)

मला पाहिजे काय, असं कोणी विचारलं तर अगदी लहान गोष्ट पाहिजे. प्रत्येक पाड्याला एक आकडा. आरोग्यसेविकेने आणि आशाताईने मिळून काढलेला, कारण ती वाट त्या रोज चालतात. आमच्या खात्याने नव्हे. शेवटच्या घराच्या उंबरठ्यापासून जिथे सिझेरियन होऊ शकतं त्या टेबलापर्यंत किती वेळ. उन्हाळ्यात किती, श्रावणात किती, रात्री किती. जव्हारला होत नसेल आणि नाशिकला पाठवत असतील तर नाशिकपर्यंत किती. हा आकडा ग्रामपंचायतीच्या भिंतीवर रंगवा आणि दर वर्षी खोडून नवा लिहा. पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ला झाला. तेव्हा सांगितलं गेलं की आता ठाण्याला जायला नको, जिल्हा जवळ आला. कोणाच्या दारापासून जवळ आला, ते त्या भिंतीवर दिसेल.

आली, दुसरी चिठ्ठीही आली. आणि वाड्याकडे जाणारी मंडळी चपला शोधायला लागलीत, ते मला इथून दिसतंय. प्रश्न दोनच घेऊ. तिसऱ्या रांगेतले गृहस्थ मघापासून हात वर करून बसलेत, मी ओळंबा धरायचो तसे. त्यांच्यामागे एक ताई आहेत, त्या अंबाडीच्या आरोग्यसेविका आहेत असं मला आत्ताच कळलं, म्हणजे माझी आज खरी परीक्षा आहे. गृहस्थांनो, माफ करा, आधी ताई बोलतील. माइक द्या त्यांच्याकडे. वीज आली नसेल तर राहू द्या, ताई, उभ्या राहूनच बोला.